विहीणबाईंचं सावकाश इंटरनेट

उचगाव,
२ जुलै २००६

चिमणाबाई विहीणबाईंना शालूबाईचा नमस्कार. गणपतरावांनापण सांगा, पण हे पत्र त्यांनीच आधी उघडलं असंल तर नका सांगू.

तुमचं कान फोनवर साथ देत न्हाईत म्हणून हे लिवणं आलं. न्हायतर मी काय कागद घेऊन बसणारी बाई न्हवं.

आपली नात तीन आठवड्यांची झाली. शांभवी नाव ठेवलंय, ते मला पसंत हाय. आमच्या विजयसिंहनं तिकडं विलायतेतनं, लीड्सहून फोटो पाठवलेत, ते आणायला परवा कृष्णात केबलवाल्याच्या दुकानात गेलतो. एका फोटोत पोरीच्या मुठी, एकात पाठ, एकात नुसती दुपट्याची घडी. एकात तुमच्या अनुजाच्या खांद्यावर डोकं, ते बी मागनं. मी मालकांना म्हटलं, पोरीला देवानं तोंड दिलंय का न्हाय? मालक म्हणालं, उचगावच्या चव्हाणांची हाय, तोंड असणारच.

मार्चात ग्रहण होतं तेव्हा मी अनुजाला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, चाकू-सुरी हातात धरू नको. ऐकलं असणार पोरीनं, म्हणून तर सगळं धड पार पडलं.

आता मुद्द्याचं. विजयसिंहनं गेल्या खेपेला आणलेला कॉम्प्युटर कॅमेऱ्यासकट चादरीखाली झाकून पडलाय. घरात नेट घ्यायचं आणि पोरीला समोरासमोर बघायचं, असं मी ठरवलंय. कृष्णात म्हणतो केबलचं घ्या. टेलिफोनवालं म्हणत्यात ब्रॉडबँड घ्या. तुमच्याकडं ते फोनवरचं, किरकिर करणारं नेट वर्षभर हाय. तुम्ही मास्तरीण, तुम्ही सांगाल ते घेतो.

तुमची,
शालूबाई


मलकापूर,
८ जुलै २००६

सौ. शालूबाई विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र गणपतरावांनीच आधी उघडलं, त्यामुळे तुमचा नमस्कार त्यांना दिलेला नाही. तुम्ही माझ्या वर्गात असतात तर "मी गेलतो"खाली लाल रेघ ओढली असती. पण कोल्हापूरकडच्या बायका देवासमोरही "मी आलो" म्हणतात, तिथं माझी रेघ किती पुरणार.

नेटविषयी माझं ऐका. आहे त्या फोनवरचं डायल-अपच घ्या. मोडेम म्हणून एक डबा असतो, तो नंबर फिरवतो, थोडं किरकिरतो आणि लागतो. मी रोज अनुजाशी त्यावर लिहून बोलते. ती लिहिते, मी लिहिते, माझे कान मध्ये येत नाहीत. माणसाला आणखी काय हवं?

कृष्णातच्या केबलच्या फंदात पडू नका. गल्लीत एकच तार, ती सगळ्यांत वाटलेली. संध्याकाळी घरोघरी लोक बसले की तुमच्या वाट्याला धार उरायची नाही. शिवाय पावसाळ्यात वीज त्या तारेतून आली तर टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही जायचे. ब्रॉडबँड तर नुकतंच आलंय. एक्स्चेंजपासून घर लांब असलं की वेग घसरतो म्हणतात, आणि तुमचं घर मळ्याकडेला. नवीन वस्तूची खोड लोकांना काढू द्या, मग आपण घ्यावी.

आणि चेहऱ्याचं म्हणाल, तर कोवळी बाळं सगळी सारखीच दिसतात. दिवाळीपर्यंत धीर धरा. तोवर नाकडोळे नीट उमटतील.

आपली,
चिमणाबाई


उचगाव,
२० जुलै २००६

विहीणबाई,

तुमचं ऐकून डायल-अप घेतलं. आता माझं ऐका.

ते लागताना गिरणीच्या पट्ट्यात मांजर सापडल्यागत वरडतं. मालक पहिल्यांदा घाबरून अंगणात गेलं. लागलं की अनुजाचा आवाज येतो, पण चित्र म्हणजे गोधडी. चौकोनाला चौकोन जोडलेला, निळा, काळा, तपकिरी. मी विचारलं, ह्यातली शांभवी कुठली? अनुजा म्हणाली, मधला तपकिरी तुकडा. मी त्या तपकिरी तुकड्याला हात जोडलं, दृष्ट काढली. मागनं कळलं ती खुर्ची होती.

नेट चालू असलं की फोन बंद. काल डेअरीवालं दिवसभर फोन लावत बसलं, लागंना, म्हणून गाडीवरनं बघायला आलं, म्हशींना काय झालं का म्हणून. आणि मालकांना रिसीव्हर उचलायची खोड. त्यांनी उचलला की नात गेली. आता मी रिसीव्हरला फडकं बांधून ठेवलंय.

एक इचारायचं हाय. अनुजा पोरीला कायम खांद्यावरच का धरती? मी म्हटलं, जरा मांडीवर घे की. तर म्हणाली, नुकतीच प्यालीय. दुसऱ्या दिवशी बी नुकतीच प्यालीय. दृष्ट लागंल असं वाटत असंल तर तीट लावा म्हणावं आणि तोंड दाखवा. सासूची बी दृष्ट लागती व्हय?

शालूबाई


मलकापूर,
२८ जुलै २००६

सौ. शालूबाई विहीणबाईंना नमस्कार.

खुर्चीची दृष्ट काढल्याचं वाचून गणपतराव इतके हसले की त्यांचा चष्मा चहात पडला. खुर्चीचं आता शंभर वर्षं भलं होईल.

खांद्यावर धरण्याचं काही मनावर घेऊ नका. तान्ह्या बाळाला प्यायल्यावर ढेकर काढायला खांद्यावरच घेतात, तुम्हीही विजयसिंहांना घेतलं असेल. तिकडच्या नर्सबाई फार कडक असतात.

इथल्या डॉक्टरांकडे आयएसडीएन म्हणून एक प्रकार आहे. एका जोडणीत दोन वाटा, एकीवर फोन, एकीवर नेट. डेअरीची अडचण त्यानं सुटेल खरी, पण चित्र तिथंही गोधडीच, फक्त टाके थोडे बारीक. खर्च मात्र दवाखान्यालाच परवडणारा. तेव्हा तुम्ही आहे त्यातच समाधान माना. फडकं बांधण्याची युक्ती उत्तम आहे.

पाऊस कसा आहे? इकडे भात लागणी उरकल्या.

आपली,
चिमणाबाई


उचगाव,
२९ ऑगस्ट २००६

विहीणबाई,

पावसाचं नंतर. तुम्ही पत्रात पाऊस काढला की मला समजतं तुम्हाला दुसरं कायतरी टाळायचं हाय. वर्गात फळा पुसून गप्पा सुरू करणारी बाई मी बघितलीय.

तुमचं न ऐकता मी केबल घेतलं. कृष्णात शिडी घेऊन आला, चार कौलं फोडली, तार आत घेतली. दुपारी गल्ली झोपलेली असती आणि लीड्सात सकाळ असती, तेव्हा बरं चालायचं. चित्र हलायचं, मधेच थांबायचं, पण अनुजाचं मंगळसूत्र वळखू यायचं. एकदा पोरीचं कपाळ बघितलं. आमच्या मालकांचं कपाळ हाय, रुंद. संध्याकाळी मात्र तुम्ही म्हणाला तेच. समद्या गल्लीतली पोरं बसली की अनुजाचा हात वर गेलेला तो वरच.

चित्र असं मधेच अडकतंय बघून अनुजा बी जरा सैल झालीय. खांद्यावरनं पोरीला खाली घेती, बोलत बसती. चित्र फुटलेलं असतं, पण घेती तरी.

गणपतीच्या मंडपाचा बांबू उभा करताना कृष्णातची तार तुटली. तो म्हणतो विसर्जन झाल्याबिगर जोडता येत न्हाय, वर चढलं तर मंडप पडंल. म्हणून मी सरळ टेलिफोन ऑफिसात गेलो आणि ब्रॉडबँडचा अर्ज दिला. या आठवड्यात येतो म्हणालेत.

अनुजाला कायबी सांगू नका. एकदम स्वच्छ दिसलं की कशी चकित हुती ते बघायचंय.

शालूबाई


मलकापूर,
१ सप्टेंबर २००६

शालूबाई,

पत्र आजच मिळालं. ब्रॉडबँडवाल्यांना चार दिवस थांबायला सांगा. रविवारी दहा तारखेला मी स्वतः उचगावला येते. समोर बसून बोलायचं आहे. तोवर लावू नका, एवढं माझं ऐका.

चिमणाबाई


उचगाव,
६ सप्टेंबर २००६

चिमणाबाई,

तुमची चिठ्ठी काल आली. टेलिफोनचा माणूस त्याच्या आधी येऊन गेला.

त्यानं नवी तार वढली न्हाय. तीच जुनी फोनची तार, तिला एक डबी बसवली, एका बाजूनं फोन, एका बाजूनं नेट. किरकिर न्हाय. हिरवा दिवा लागला. मालक तिकडं डेअरीशी बोलतायत आणि मी इकडं लीड्सात बसलोय.

अनुजानं नेहमीसारखं लावलं. तिला वाटलं आजबी चित्र अडकणार. शांभवीला मांडीवर घेऊन सरळ माझ्याकडं तोंड करून बसली. आणि मला सगळं दिसलं. पोरीच्या डोळ्यात खिडकीचा उजेड होता, तो बी दिसला. वरचा व्हट नाकापतूर दुभागलेला.

मी पडद्याला नाक लागंपतूर म्होरं सरकलो. अनुजा तिकडच्या थंडीचं कायतरी सांगत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि गप झाली. माझं तोंड बी तिला तेवढंच स्वच्छ दिसत असणार, हे माझ्या ध्यानात आलं न्हवतं. तिनं पोरीला चटकन खांद्यावर घेतलं.

"आई, आज काय बदललंय का?"

"ब्रॉडबँड घेतलंय," मी म्हटलं. "पोरीला खाली घे. बघू दे."

तिनं घेतली न्हाय. रडायला लागली. म्हणाली, "मी त्या दिवशी चाकू धरला नव्हता, आई. खरंच. भाकरीसुद्धा ह्यांनीच मोडून दिली. आणि हे तर फेब्रुवारीतच तपासणीत दिसलं होतं, ग्रहणाच्या आधी."

ती चाकूचं का सांगतीया ते मला आधी कळलंच न्हाय. कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पोर सहा महिन्यांची पोटुशी, तिकडं परमुलखात, आणि माझा फोन ऐकून दिवसभर सुरीला हात न लावता बसली. झालेलं तिला आधीच ठावं होतं, तरी बसली. का, तर उद्या सासूनं इचारलं तर सांगता यावं.

मी म्हटलं, "ग्रहण ऱ्हाऊ दे. पोरगी दूध पिती का?"

"वेगळी बाटली आहे, त्यानं पिते."

"वजन?"

"चांगलं वाढतंय."

"मग घे खाली."

तेव्हा घेतली. मालक फोन ठेवून माझ्या मागं येऊन उभं राहिलं होतं. त्यांनी वाकून बघितलं आणि नुसतं म्हणालं, "कपाळ माझंच हाय की." पोरगी हसली. अख्खं तोंड उघडून, नाकडोळ्यासकट हसली.

आता तुमचं. मी तुमची सगळी पत्रं काढून परत वाचली. केबलवर वीज पडती. एक्स्चेंज लांब हाय. दिवाळीपतूर थांबा. आहे त्यात समाधान माना. मास्तरीणबाई, तुम्ही नेटचा अभ्यास न्हाय केला, माझा केला. आणि त्यात नापास झाला. मी सातवी शिकलेली बाई हाय, ग्रहण पाळतो, दृष्ट काढतो. पण तेवढ्यावरनं लेकराचं तोंड माझ्यापासनं लपवावं लागतं, असं तुम्हाला वाटलं. माझं दुखणं ते हाय, व्हटाचं न्हाय.

रविवारी येऊ नका. राग गेला की कळवतो.

शालूबाई


मलकापूर,
११ सप्टेंबर २००६

शालूबाईंना,

तुम्ही येऊ नका म्हणालात म्हणून आले नाही. नापासाचा शेरा मान्य आहे.

का केलं ते सांगते, पटलं नाही तरी वाचा. आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती, अशाच ओठाची. मुलं तिला काय म्हणायची ते इथं लिहीत नाही. तिच्या आईला सासरच्यांनी जन्मानंतर महिन्याच्या आत माहेरी आणून सोडलं होतं. ग्रहणात विळीवर बसली म्हणून. मी त्या सासूला भेटायला गेले, समजावलं, हात जोडले. तिनं मला चहा दिला आणि काही ऐकलं नाही. अनुजानं फेब्रुवारीत मला कळवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती बाई आली. पुढं तुमचं पहिलं पत्र आलं. त्यात ग्रहण होतं, चाकू होता, आणि पोरीला देवानं तोंड दिलंय का, हेही होतं. तुम्ही थट्टेनं लिहिलं होतंत. मी त्या दिवशी जेवले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीला ऑपरेशन आहे. तोवर कुणालाही सांगायचं नाही, अशी अनुजानं गळ घातली होती. दिवाळीपर्यंत ओठ शिवून होईल, मग तुम्ही पाहाल आणि विषयच निघणार नाही, असा आमचा दोघींचा हिशोब. तुमच्यासारख्या बाईला ओळखायला सोयरिकीची चार वर्षं पुरली नाहीत, ही माझी चूक.

आणखी एक सांगायचं आहे. शांभवीला मीसुद्धा पाहिलेलं नाही. माझ्या तारेवर मला फक्त अक्षरं येतात. अनुजा लिहिते "आज हसली", मी लिहिते "छान". इथंही ब्रॉडबँडची चौकशी करता आली असती. मी केली नाही. तुम्हाला थांबवताना मी स्वतःलाही थांबवत होते, हे तुमचं पत्र वाचल्यावर समजलं. आई असून मला पाहायचा धीर झाला नाही, आणि तुम्ही म्हणालात, खाली घे.

चिमणाबाई


उचगाव,
१४ सप्टेंबर २००६

विहीणबाई,

तुम्ही अजून बघितलंच न्हाय? मग राग कुणावर धरून बसलोय मी.

रविवारची सकाळची एसटी धरा आणि या. गणपतरावांना बी आणा. दुपारी लीड्सला सकाळ असती. तुमच्यासाठी कॉम्प्युटरला मोठे भोंगे आणून ठेवलेत, कान साथ देत न्हाईत हे कारण चालणार न्हाय. तांबडा रस्सा करतोय. तुम्ही तिखट खात न्हाय, म्हणून पांढरा बी करतोय.

शालूबाई


मलकापूर,
२१ सप्टेंबर २००६

प्रिय शालूबाई,

सुखरूप पोचलो. गणपतरावांना पांढऱ्या रश्श्याची आठवण येते आहे आणि माझ्या स्वयंपाकाकडे ते आता दयेनं बघतात.

तुम्ही मला खुर्चीत बसवलंत, खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिलात. त्याबद्दल तिथं काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले की भीती वाटते त्या गोष्टीकडे नीट बघा. स्वतः खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते. पण पहिला क्षण गेल्यावर मला ओठ दिसेनाच. ती नुसती आमची शांभवी होती, अनुजाच्या भुवया घेऊन आलेली आणि माझ्याकडे रोखून पाहणारी. "आई, ऐकू येतंय का?" असं अनुजानं विचारलं, आणि तुमच्या त्या भोंग्यांतून मला प्रत्येक शब्द ऐकू आला. तुमच्या म्हशींनाही आला असेल.

इथल्या टेलिफोन ऑफिसात जाऊन अर्ज दिला. ते म्हणतात, आमचं घर एक्स्चेंजपासून खरोखरच लांब आहे. तुम्ही हसणार, हे ठाऊक असूनही कळवते.

ऑपरेशनच्या दिवशी यायचं ठरलंच आहे. दोन दिवस आधी येते.

आपली,
चिमणाबाई


उचगाव,
९ ऑक्टोबर २००६

चिमणाबाई विहीणबाईंना शालूबाईचा नमस्कार.

तुम्ही गेल्यापासनं घर मोकळं वाटतंय. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही माझा हात असा धरला होता की बांगडीचा वळ अजून हाय. विजयसिंहचं तोंड पडद्यावर आलं आणि तो म्हणाला, "झालं, सगळं ठीक," तेव्हा तुम्ही माझ्या गळ्यात पडला. मालक म्हणत्यात, दोन विहिणी अशा गळ्यात पडलेल्या त्यांनी लग्नात बी बघितल्या न्हवत्या.

काल टाके काढल्यावर पहिल्यांदा बघितलं. डॉक्टरनं काम झकास केलंय. व्हट जोडलाय, बारीक लाल रेघ हाय, ती बी जाईल म्हणत्यात. अनुजा पोरीला आता खांद्यावर घेतच न्हाय, सारखी समोर धरती. आमची चुलत जाऊ झुंबरबाई बघायला आलती. म्हणाली, बाई गं, बाहुलीच हाय की.

व्हय, बाहुली हाय. पण विहीणबाई, तुम्हाला म्हणून सांगतो. पोरगी हसली आणि मी बघतच राहिलो, काय चुकलंय कळंना. मग ध्यानात आलं. आधी हसायची ते अख्ख्या तोंडानं, नाकासकट उघडून हसायची. आता नीट हसती, चार पोरी हसत्यात तशी. मी शोधत होतो ते हसणं गेलं. आनंदच हाय मला, पण डोळ्यात पाणी आलं. अनुजाला वाटलं मला पोरीचं नवं तोंड आवडलं न्हाय. मी म्हटलं तसं न्हाय गं. तर ती बी रडायला लागली, म्हणाली, "मला पण त्या हसण्याची आठवण येते, आई. कुणाला सांगू कळत नव्हतं."

म्हणून तिच्याकडनं त्या दिवसांतला एक फोटो मागवला. तिनं लपवून ठेवलेला, समोरनं काढलेला, हसतानाचा. मालक चुना लावून पान तोंडात टाकंपतूर फोटो ब्रॉडबँडवर आला. कृष्णातनं मोठा काढून दिला, चौकट करून आणली आणि सोप्यात लावली, दारातनं येणाऱ्याला पहिल्यांदा दिसंल अशी. झुंबरबाई म्हणाली, आता नीट झालीया तर हा कशाला लावलाय? मी म्हटलं, ही माझी नात हाय, जन्मली तेव्हाची.

तुम्हाला बी एक काढून पाठवतो, पत्राच्या आत पुठ्ठा घालून. तुमच्या सोप्यात कुठं लावायचा ते तुम्ही ठरवा.

तुमची,
शालूबाई